बंदिस्त हॉलमधली कबड्डी: फोटोत दाणे (नॉइज) भरपूर, धार नाही. कितपत सावरता येतील?

पंचवटी_फ्रेम
मंडळी, शालेय कबड्डीचे चारेकशे फोटो आहेत, त्यातले ३० आयोजकांना द्यायचेत. कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स ५५-२५० मिमी. हॉल बंदिस्त, वर एलईडी. सेटिंग शटर १/२५० सेकंद, एफ ५.६, आयएसओ ६४००, तरी फोटो स्टॉपभर (म्हणजे निम्म्या उजेडाचे) काळे आलेत. पहिले दोन सामने रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आहेत, पुढे कार्ड भरत आलं म्हणून नुसते जेपेग.

लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) एक्स्पोजर +१.३ केलं की सावलीत जांभळे-हिरवे ठिपके येतात. दाणे पुसणारा ल्युमिनन्स स्लायडर ७० ला नेला की पोरांचे चेहरे मेणाचे, आणि शार्पनिंग १०० केलं की मॅटवर वाळू सांडल्यासारखी. काही फ्रेममध्ये वरचा भाग पिवळट आहे, तो वेगळाच ताप. आधी काय करायचं, नंतर काय, आणि कोणते फोटो सरळ सोडून द्यायचे? प्रिंट ५ बाय ७ इंचाच्या आहेत. एक फोटो ८ बाय ४ फुटी फ्लेक्सवर जाणार आहे.

गोदाकाठ_शटर
स्लायडरला हात लावायच्या आधी निवड करा, निम्मं काम तिथेच होतं. फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि तीनच जागा बघा: चढाईपटूच्या जर्सीचा नंबर, त्याचे हातपाय आणि मॅटचे सांधे.

नंबर मऊ आहे, पण त्याच्या हातभर मागे किंवा पुढे मॅटचा सांधा कातरल्यासारखा स्पष्ट दिसतोय? मग फोकस चुकलाय. फरक थोडा असेल तर छोट्या प्रिंटला चालून जाईल, पण मागच्या बचावपटूच्या पापण्या मोजता येतायत आणि चढाईपटू धूसर, असा फोटो सोडून द्या. बोनस रेषा, मॅटचे सांधे, मागचे प्रेक्षक, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हललाय. धड आणि चेहरा ठीक, फक्त हात पुसला गेलाय, तर तो वेगाचा परिणाम. असे फोटो ठेवा, कबड्डीत ते शोभतात.

हिशेब करून बघा. फ्रेमची रुंदी मैदानावर ३ मीटर धरली तर ६००० पिक्सेलमध्ये एका मीटरला २००० पिक्सेल येतात. हात सेकंदाला ५ मीटरने फिरला तर १/२५० मध्ये २ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे ४० पिक्सेल. हे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, फार तर अंदाजाने नवं चित्र काढतं. धड सेकंदाला १ मीटरने सरकलं तर ८ पिक्सेल, ते प्रिंटला लहान केलं की तीनच्या आत येतं. सोडून देण्याची रेषा इथे आखा.

दाण्यांचं कारण नुसता आयएसओ नाही. सेन्सरवर उजेडच कमी पडला. ६४०० वर काढून +१.३ ओढलं म्हणजे जवळपास १६००० ची फाइल झाली.

रॉ फाइलचा क्रम असा: आधी एआय डिनॉइज (लाइटरूममधलं दाणे काढायचं साधन), मग बाकी सगळं. तो थेट रॉ डेटावर चालतो, त्यामुळे एक्स्पोजर आधी वाढवलं काय नि नंतर काय, फरक नाही. मास्क (फोटोचा ठराविक भाग निवडणं) आणि हीलिंग (डाग पुसणं) मात्र त्याच्यानंतरच करा. स्लायडर ५० वर येतो, तुम्ही ३५ ते ४५ मध्ये थांबा. थोडे दाणे राहिले तर त्वचा त्वचेसारखी दिसते. शार्पनिंगला अमाउंट ५०, रेडियस १.२, डिटेल १५. मग ऑल्ट दाबून मास्किंग ओढा, ७५-८० च्या आसपास मॅट काळी होऊन फक्त कडा पांढऱ्या उरतील. तुमची वाळू तिथून येत होती: मास्किंग शून्य होतं, म्हणून धार कडांबरोबर दाण्यांनाही लागली.

सिडको_रॉ
वरचं बरोबर, पण मास्किंगने सगळं भागत नाही. जर्सीची जाळी ८० वरही ‘कड’ म्हणूनच धरली जाते आणि कापडावर किडे वळवळल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा ग्लोबल शार्पनिंग ३० वर ठेवा, सब्जेक्टचा मास्क घ्या, त्यातून कापड ब्रशने वजा करा आणि उरलेल्या चेहरा-हातांना शार्पनेस +२५, टेक्श्चर +१० द्या. मागच्या प्रेक्षकांना उलट मास्कमध्ये नॉइज +४०. तिथे मेण झालं तरी कुणी बघत नाही.

जेपेगचं दुखणं वेगळं. कॅमेऱ्याने आतल्या आतच दाणे पुसून, धार लावून फाइल दाबलेली असते, त्यामुळे पुन्हा पुसायला गेलात की डाग पडतात. एक्स्पोजर +०.७ च्या वर नेऊ नका, कलर ४०, ल्युमिनन्स २५, बस. टोपाझसारखी एआयची सॉफ्टवेअरं जेपेग घेतात, पण त्यांनी दिलेला प्रत्येक नंबर मूळ फाइलशी ताडून बघा. मऊ ८ चा ३ होतो, जर्सीवरची देवनागरी अक्षरं तर पार अनोळखी लिपीत जातात. चेहरा अंदाजाने रेखणारी फेस रिकव्हरी बंदच ठेवा, आईने ‘हा माझा मुलगा नाही’ म्हणायची वेळ येते. बातमीला फोटो द्यायचा असेल तर हा प्रकार अजिबात नको.

पैसे घालायचे नसतील तर फुकटची सॉफ्टवेअरं आहेत: रॉथेरपीमधलं कॅप्चर शार्पनिंग रॉ फाइलला छान चालतं, डार्कटेबलमध्ये ‘डिनॉइज प्रोफाइल्ड’ आहे. वेळ जास्त लागतो एवढंच. कॅमेरा थोडासाच हललेल्या फ्रेमला फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये ‘मोशन ब्लर’ निवडून ओढल्याच्या दिशेचा कोन द्या. तीन-चार पिक्सेलपर्यंत उपयोग होतो, त्यापुढे कडेला दुहेरी रेघ उमटते.

लखलखाट
पिवळ्या भागाबद्दल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचे (वीज पुरवणाऱ्या सर्किटचे) दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, उजेडाबरोबर रंगही थोडा बदलतो. १५००डीचा फ्लॅश सिंक (पूर्ण सेन्सर एकदम उघडा राहतो तो सगळ्यात जलद शटर) १/२०० आहे. त्याच्या वर गेलात की पूर्ण सेन्सर एका क्षणी उघडा नसतो, फट सरकत जाते. म्हणून फ्रेमचा वरचा भाग एका उजेडात, खालचा दुसऱ्या. लिनियर ग्रेडियंट ओढून टेंप -८ ते -१५, एक्स्पोजर +०.३ करा. एका फ्रेमवरून दुसरीवर कॉपी करू नका, पट्टा दर फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो.

पंचवटी_फ्रेम
मास्किंगने खरंच फरक पडला, धन्यवाद. नंबर ताडले, तीन फोटोंत बदललेले निघाले! आता प्रिंट आणि फ्लेक्स कसं करू? आणि एक जोडप्रश्न: नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरच्या क्रिकेटचे फोटो आयएसओ २००, १/१६०० असूनही मऊ आहेत. त्यात दाणा नाही, मग बिघडलं काय?

गोदाकाठ_शटर
५ बाय ७ ला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने २१०० बाय १५०० पिक्सेल लागतात. ६००० चे २१०० झाले की जवळपास तीन पट लहान, म्हणजे साधारण आठ पिक्सेलचा एक होतो आणि दाणे तिसऱ्या हिश्श्यावर येतात. म्हणून दाणे १०० टक्क्यांवर मोजत बसू नका, ३५ टक्क्यांवर बघा. एक्स्पोर्टमध्ये शार्पन फॉर ग्लॉसी, स्टँडर्ड. एसआरजीबी (नेहमीची रंगपद्धत) द्या, लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, आणि स्क्रीनवर वाटतं त्याहून पाव स्टॉप उजळ ठेवा, कागदावर फोटो काळवंडतो.

फ्लेक्स लांबून बघतात. इंचाला ३० पिक्सेल धरले तरी ९६ इंचांना २८८० लागतात, म्हणजे तुमची फाइल पुरून उरते, आडवा २:१ क्रॉप केला तरी. तिथे उलट ग्रेन १५ टाका, डिनॉइजचे गुळगुळीत डाग त्यात लपतात.

क्रिकेटचे फोटो किती वाजताचे आहेत? सीमारेषेवरून, भर दुपारी, लेन्स २५० मिमीवर?

पंचवटी_फ्रेम
हो, साडेबारा ते दोन.

गोदाकाठ_शटर
मग ती झळ आहे. तापलेल्या मैदानावरची हवा हलते आणि लेन्सपर्यंत येणारा उजेड वाकतो. सलग फ्रेम एकामागून एक बघा: एकीत स्टंप सरळ, पुढचीत मध्ये वाकलेला, बॅटची कड लाटेसारखी, असं दिसलं तर खात्री समजा. याला शार्पनिंग लावलं तर लाटाच ठळक होतात. बर्स्टमधली सगळ्यात सरळ फ्रेम निवडा, डीहेझ +८ ते +१२, ब्लॅक -१०, टेक्श्चर +१०. ५ बाय ७ ला निघेल, त्यापेक्षा मोठं करू नका. पुढच्या वेळी सकाळी दहाच्या आत काढा, नाहीतर खेळाडूच्या जवळची बाजू धरा. हवेचा थर जेवढा कमी तेवढं बरं.