स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर भूकच मंदावते, ती कशामुळे?

मृण्मयी:
माझ्या मोठ्या बहिणीची चार महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. जठर लहान केल्यावर जेवण कमी होणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण ताई म्हणते की मुळात खावेसेच वाटत नाही; श्रीखंड समोर आले की जिला राहवत नसे, ती आता दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सारते. घरचे मात्र तिला ऐकवतात की आधीच मनावर घेतले असते, तर ही वेळ आली नसती. या बदलाचा मेंदूशी संबंध आहे का?

अनिरुद्ध:
आहे, आणि निकटचा आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. त्यात वरचा फुगीर भाग जातो आणि घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. शिवाय उरलेल्या अरुंद जठरातून अन्न लवकर आतड्यात उतरते, तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके अधिक सोडतात, आणि 'आता पुरे' हा निरोप रक्तावाटे व व्हेगस मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत जातो.

'मनावर घेण्या'बद्दल मला आवर्जून सांगायचे आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, केवळ आहार कमी करून वजन घटवलेल्यांच्या रक्तातील घ्रेलिन वाढलेले आढळले, तर गॅस्ट्रिक बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांत ते फारच कमी होते. म्हणजे उपाशी राहून वजन उतरवणाऱ्याची भूक शरीरच वाढवत असते. ताईंना दोष देणे अन्यायाचे आहे, हे घरच्यांना कृपया समजावून सांगा.

वैशाली:
माझे गॅस्ट्रिक बायपास झाले आहे. पहिल्या वर्षानंतर माझी भूक बरीचशी परतली, तेव्हा या काळातच ताईंच्या जेवणाच्या वेळा आणि प्रथिने यांची घडी बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. उलट्या थांबत नसतील, तर 'होईल सवय' म्हणून वाट पाहू नका. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात फारसे साठत नाही आणि ते कमी पडल्यास मेंदूला इजा होते. चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि शस्त्रक्रिया झाल्याचे आधी सांगा.