'किता किता' : परक्या शहरातील एकटेपणा

प्रश्न : जपानमधील साप्पोरो शहरात राहणाऱ्या दोन फिलिपिनो माणसांची प्रेमकथा सांगणारा 'किता किता' (2017) हा चित्रपट मला फार आवडला, पण नायिका लीआची दृष्टी जाण्याचा प्रसंग कथेला खरोखर आवश्यक होता का?

प्रतिसाद 1 : होता. तागालोग या फिलिपिनो भाषेत शीर्षकाचा अर्थच 'मी तुला पाहतो' असा आहे. लीआ दिसेनासे झाल्याने दार लावून बसते आणि शेजारचा टोन्यो जेवण घेऊन चिकाटीने दाराशी येत राहतो, तेव्हा आपल्या भाषेतला आवाजच तिला आधार देतो.

प्रतिसाद 2 : सहमत आहे. शिवाय दिग्दर्शिका सिग्रिड आंद्रेआ बर्नार्डो उत्तरार्धात तीच कथा टोन्योच्या नजरेतून पुन्हा दाखवतात, त्यामुळे आधी हसवणारे प्रसंग आठवून गलबलून येते.