मोफत टाकलं म्हणजे बेवारस झालं काय?

बांधावरचा मास्तर
परवा इथं एका झेरॉक्सवाल्या भाऊंनी लिहिलं, "नेटवर फुकट टाकलं का थे सगळ्याइचं. छापून इकलं तर कोणाच्या बापाचं काय गेलं?" बापाचं नाही, माझं गेलं. पोलीस भरतीच्या नोट्स दोन हिवाळे जागून टाईप केल्या, 212 पानं. पोरांना फुकट मिळाव्या म्हणून पीडीएफ टाकली. पहिल्याच पानावर लिहिलं: वाटा, विकू नका. आता बसस्टँडवर तीच स्पायरल करून 180 रुपयांना मिळते. पहिलं पान गायब, दुसऱ्यावर दुकानाचा शिक्का. कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, लिहिलं की हक्क आलाच. तो सोडायचा तर 1957 च्या कायद्यात कलम 21 आहे. कॉपीराइट कार्यालयाच्या निबंधकाला कळवा नाहीतर जाहीर नोटीस द्या. मी यातलं काहीच केलेलं नाही.

टोनर संपला
लिहिणारा मीच. शिक्का माह्या दुकानाचा नाही, पण बोलणं माहंच. मास्तर, कागद फुकट येते काय? टोनर? लाईन कवा जाते कवा येते, मशीन इन्व्हर्टरवर चालवतो. पाच इंचाच्या मोबाईलवर बुद्धिमत्तेची गणितं सोडवून पाहा एखाद्या रात्री. तुमच्या नोट्स खेड्यात पोचवल्या कोणं? अन् दिल्ली हायकोर्टानं 2016 ले विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सवाल्याच्याच बाजूनं निकाल देल्ला होता.

तहसीलचं बाकडं
निकाल अर्धाच वाचला भाऊ तुम्ही. तिथं विषय होता अभ्यासक्रमाला नेमलेल्या, पुस्तकांतल्या प्रकरणांच्या झेरॉक्स संचांचा, कलम 52 मधल्या शिक्षणाच्या सवलतीचा. आख्खी वही आपला शिक्का मारून विकायची मुभा त्यात कुठं दिसली? छपाईचा खर्च घ्या, वर मजुरी घ्या. पण फाडलेलं पान कोणत्या खर्चात धरलं?

धानवाली, नागभीड
कागदाचं काय घेऊन बसलात. आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं एचएमटी धान शोधला, त्या वेळच्या मनगटी घड्याळाचं नाव दिलं. बियाणं या बांधावरून त्या बांधावर गेलं. मग त्याच बियाण्यातून कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही-एचएमटी वाण आला. आपल्याला श्रेय दिलं नाही, ही दादाजींची तक्रार कायम राहिली. 2018 ला गेले, हलाखीतच. माझ्या आजोबांनीही ते बियाणं शेजाऱ्याकडून पायलीनं आणलं होतं. दादाजींना आम्ही एक रुपया दिला नाही. तेव्हा कुठं होतं तुमचं कलम 21?

पऱ्हाटी
बियाण्याचा कायदाच वेगळा ना ताई. 2001 चा वाण संरक्षण कायदा, कलम 39. शेतकऱ्यानं आपलं बियाणं ठेवावं, द्यावं, विकावं. संरक्षित वाणाचं मात्र ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. अन् खरी चोरी पाहायची तर कृषी केंद्रात या. गेल्या साली मी घेतलेल्या कपाशीच्या चार पाकिटांतलं निम्मं उगवलंच नाही. बिल मागितलं तर म्हणे, बिलाचं घ्यायचं होतं तर भाव वेगळा होता. दुबार पेरणीचे पैसे कोण देणार? पीडीएफवाले?

धानवाली, नागभीड
चोरबीटी, म्हणजे बिनपरवान्याचं कपाशीचं बियाणं, घेऊन फसायचं अन् वरून रडायचं. दादाजींच्या धानाशी तुमच्या पाकिटाची बरोबरी करू नका.

पऱ्हाटी
चोरबीटी कोण म्हणालं? धानवाल्यांना कपाशीचं बोंडही ओळखू येत नाही, कशाला बोलता?

तहसीलचं बाकडं
नोट्सकडे या हो कोणी. मी आत्ता मास्तरांची पीडीएफ उघडली. पान 57 वरचा नद्यांचा नकाशा शाळेच्या पाठ्यपुस्तकातून जसाच्या तसा उचललाय. त्या पुस्तकाच्या आतल्या पानावर छापलंय की लेखी परवानगीशिवाय भाग उद्धृत करता येणार नाही. परवानगी घेतली होती का गुरुजी?

बांधावरचा मास्तर
नकाशा काढतो. पण मी तो विकला नाही.

टोनर संपला
वा! तुमी उचललं थे समाजसेवा, आमी उचललं थे चोरी!

बांधावरचा मास्तर
मी खाली पुस्तकाचं नाव दिलंय. तुम्ही माझं फाडलं. एवढाच फरक आहे, अन् मला तो पुरेसा वाटतो.

टोनर संपला
बरं बाप्पा, तुमी मोठे लेखक. पयलं पान लावतो, तुमचं नाव ठळक टाकतो. भाव 150, त्याच्या खाली परवडत नाही. नकाशाचं पान तुमी काढा, एक रुपया मी कमी करतो, 149. अन् शिक्का आता शेवटच्या पानावर मारीन.

धानवाली, नागभीड
शिक्का तर तुमच्या दुकानाचा नव्हता म्हणे?

टोनर संपला
लाईन गेली.