झोपु इमारतीला तळ अधिक ७ मजल्यांची मर्यादा हवी का?

मजलेमोज (धागाकर्ता)

झोपु म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडपट्टीवासीयाला घर फुकट द्यावं की नाही, हा वाद १९९५ पासून चघळून चोथा झालाय. तेव्हाचे २२५ चौरस फूट पुढे २६९ झाले, आता ३०० आहेत. त्यात शिरायचं नाही. किल्ली हातात आल्यावर ते घर चालवायला महिन्याला लागतं किती, एवढंच बघू.

२२ मजले, २०० घरं, ३ लिफ्ट धरा. दर ढोबळ बाजारभावाचे. घरटी ४५० लिटर म्हणजे रोज ९० हजार लिटर पाणी ७० मीटर चढवायचं. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर महिन्याला हजारेक युनिट, घरटी ५० रुपये. पाणी त्यातल्या त्यात स्वस्त पडतं. लिफ्टची वीज ७५, लिफ्टचा देखभाल करार १२५, आगीची यंत्रणा ६०, सफाईवाले दोघे १५०, तीन पाळ्यांचा रखवालदार ३००. जिन्यातले दिवे धरून झाले ८००.

खरा खड्डा पुढे आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव ठेव) ०.२५ टक्के. घरामागे बांधकाम ४२ चौरस मीटर, खर्च मीटरला ३० हजार, म्हणजे १२.६ लाख. त्याचा १ टक्का महिन्याला १,०५० होतो. एकूण १,८५०.

आणि मुंबईच्या २०१८ च्या विकास नियमावलीत विकासकाने घरामागे ठेवायचा देखभाल निधी होता ४० हजार. ६ टक्क्यांनी महिन्याला व्याज २०० रुपये!

बाकीचे १,६५० ज्याला झेपत नाहीत, तो थकबाकीदार होतो. मग लिफ्ट बंद, मग राखीव पंप जळाला तरी बदलला जात नाही, मग घर भाड्याने देऊन माणूस पुन्हा झोपडीत. म्हणून माझं म्हणणं, पुनर्वसनाची इमारत तळ अधिक ७ च्या वर नको. लिफ्ट कमी, आगीची यंत्रणा हलकी, आणि लिफ्ट बंद पडली तरी माणूस घरी पोचतो.

चटईक्षेत्र

हिशेब सुरेख, पण जमिनीचा हिशेब सोडलात राव. झोपु योजनेत निव्वळ हेक्टरी किमान ६५० घरं बसवावी लागतात. तुमचेच ४२ मीटर घेऊ: ६५० × ४२ = २७,३०० चौरस मीटर. हेक्टरातली ३५ टक्के जमीन इमारतींखाली धरली, तर मजल्याला ३,५०० मीटर. भागाकार करा, ७.८ मजले. म्हणजे तळ अधिक ७ मध्ये अख्खा भूखंड पुनर्वसनातच संपला. विक्रीची इमारत कुठे, हवेत? आणि फुकट घराचा पैसा त्या विक्रीतूनच येतो. पुनर्वसन अर्ध्या जमिनीवर रचलं की ते सोळा मजल्यांच्या खाली येतच नाही. उंची ही विकासकाची हौस नव्हे, योजनेच्या गणिताचं ते उत्तर आहे.

हिशेबतपासणी

मजलेमोज, १ टक्का दुरुस्ती आणि सिंकिंग फंड दादर-पार्ल्याच्या किती सोसायट्या पुरता भरतात? थकबाकीचं खापर उंचीवर फोडू नका. मालमत्ता कराचं ओझंही आता नाही, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी आहे.

रोग पैशाचा असेल तर औषधही पैशाचंच हवं. वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास बघा. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फूट, ४० मजली इमारत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ किल्ल्या दिल्या. तिथे १२ वर्षं देखभाल म्हाडाकडे, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आहे. चाळीस मजले चालतात, कोणीतरी बिल भरत असेल तर.

मजलेमोज

आणि तेराव्या वर्षी? लिफ्टचे दोर, गिअर, पाण्याच्या टाक्यांचं गळणं, सगळं त्याच सुमारास निघतं. पहिली १२ वर्षं इमारत नवीच असते हो.

उजेडवाट

उंचीवर भांडताय, पण तळ अधिक ७ पर्यंतचा प्रयोग या शहरात होऊन गेलाय. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दचं लल्लुभाई कंपाउंड. इमारती बेताच्या उंचीच्या, आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर. तिथल्या क्षयरोगाचा या रचनेशी संबंध 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासाने २०१८ साली दाखवला. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा.

कागदावरही कळतं. डिसेंबरात मुंबईचा सूर्य भर दुपारी क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या ३ मीटरच्या बोळात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन वरून उतरतं सव्वातीन मीटर. म्हणजे फक्त सर्वात वरचं घर. खालच्या सातही घरांत दिवसा ट्यूबलाइट, आणि त्या बोळात वरून फेकलेला कचरा, म्हणून खिडक्याही बंद.

मर्यादा घालायचीच असेल तर मोकळ्या अंतराची घाला. मजले किती का असेनात.

चारकोपी गणित

सगळे इमारतीतच अडकलात. १९८५ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर चारकोप, गोराई, मालवणीला आखलेले भूखंड दिले होते. २५ ते ४० मीटरचे तुकडे, पाणी-गटार-रस्ता सरकारचा, घर ज्याने त्याने कुवतीप्रमाणे वाढवायचं. देखभालीचं बिल नाही, खाली दुकान नाहीतर शिलाई मशीन, वर बिऱ्हाड. पापड लाटणारीला विसाव्या मजल्यावर गिऱ्हाईक येत नाही, हे कुणाच्याच हिशेबात नाही.

चटईक्षेत्र

चारकोपला तेव्हा मोकळी जमीन होती. आज तेवढी कुठून आणता? गिरण्यांच्या जमिनीतून आली असती. १९९१ च्या नियमात मालक, महापालिका, म्हाडा यांना साधारण एकेक तृतीयांश वाटा होता. २००१ मध्ये तो वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलूनही धरलं. विषय संपला.

चारकोपी गणित

जमीन नाही म्हणू नका, देत नाहीत म्हणा.

मजलेमोज

उजेडवाट यांचा मुद्दा बिनतोड आहे, मजल्यांची मर्यादा मागे घेतो. मग मागणी अशी: दोन इमारतींतलं अंतर उंचीच्या निदान एक तृतीयांश, आणि निधी पुरता. १,६५० ची तूट ६ टक्के व्याजातून भरायला घरामागे ३ लाख ३० हजार लागतात. उपनगरात पुनर्वसनाइतकंच विक्रीचं बांधकाम मिळतं असं धरलं, तर विक्रीच्या फुटाला सव्वासातशेचा भार. अंधेरीच्या गिऱ्हाइकाला तो जाणवणारही नाही.

चटईक्षेत्र

अंधेरीच्या नाही जाणवणार. मानखुर्दच्या जाणवेल, कारण तिथे विक्रीचा दरच बेताचा. त्यात २४ मीटर उंचीला ८ मीटर अंतर सोडलंत की विक्रीची जागाही घटली. उरलेलं टीडीआर म्हणून, म्हणजे दुसऱ्या भूखंडावर वापरायचा बांधकामाचा हक्क म्हणून, बाहेर न्यायचं म्हणाल, तर टीडीआर जमिनीच्या रेडी रेकनर (सरकारी) दराशी बांधलेला आहे. मानखुर्दचा एक मीटर अंधेरीत पोचेपर्यंत बराच आटतो. म्हणजे सर्वात वाईट इमारती जिथे आहेत, तिथेच तुमची योजना आधी बसकण मारणार.

हिशेबतपासणी

मग अंधेरीचे विकासक भरतात त्या प्रीमियममधून (अधिमूल्यातून) मानखुर्दचा निधी भरा. एक शहर, एक खातं. दोन्ही फाइली झोपु प्राधिकरणाच्या एकाच इमारतीत असतात.

चटईक्षेत्र

फाइली एका इमारतीत असतात, पण प्रत्येक योजना स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे हीच १९९५ ची अट आहे. ती मोडायला तयार असाल तर तसं स्पष्ट म्हणा, मग मीही तुमच्या बाजूने बोलेन.