मदत हवी आहे: शिटाकेच्या पिशव्या तपकिरी पडायल्यात, अर्जंट

सेलूकर | ८ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
नमस्कार मंडळी. शिटाके मशरूम लावलंय. ज्वारीवरचं स्पॉन (मशरूमचं बियाणं) ऑनलाइन मागवलं होतं. सुरुवातीला मस्त पांढरं धरलं. आता पिशव्या तपकिरी पडायल्यात, आत कोऱ्या चहासारखं पाणी सुटलंय आणि वर टेंगळं आलीत. मशरूम एकबी नाही. स्पॉन विकणारा फोन उचलत नाही. आई रोज म्हणायलीय, चांगल्या ज्वारीचं वाटोळं केलंस. चार पिशव्या काल उकिरड्यावर टाकल्या. राहिलेल्या वाचतील का? कोणतं औषध मारू? लवकर सांगा.

काळी_माती | ७.४२
कोणत्या तारखेला भरल्या? कशावर लावलंय? खोलीत तापमान किती? औषध काहीच मारू नका.

सेलूकर | ७.५०
दोन-दोन किलोच्या पिशव्या आहेत. तापमान नॉर्मल आहे.

काळी_माती | ७.५३
नॉर्मल म्हणजे सेलूचं की थंड हिमाचलातल्या सोलनचं?

पऱ्हाटी | ८.१५
भाऊ, शिटाके आपल्याकडचं कामच नाही. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) करा. सोयाबीनचं भुसकट फॉर्मालिन-बाविस्टिनच्या पाण्यात रात्रभर भिजवा, निथळा, थरावर थर देऊन स्पॉन टाका, तीन आठवड्यांत पिशवी पांढरीफेक. मी चार वर्षं करतोय. शिटाकेलाबी हेच करायला पाहिजे होतं.

काळी_माती | ८.३१
बुरशी वाढवायची म्हणून बुरशीनाशकात भिजवायचं, हे धिंगरीत खपतं, कारण ती दांडगी असते, झपाट्यानं पसरते. शिटाके मुंगीच्या पावलानं चालतं. तेवढ्यात हिरवी बुरशी घर करते. त्याला लाकडाचा भुसा लागतो, तोही वाफवून निर्जंतुक केलेला.

पऱ्हाटी | ८.३५
तुम्ही स्वतः किती किलो काढलं ते सांगा आधी.

काळी_माती | ८.४४
मागच्या हिवाळ्यात सहा पिशव्यांतून साडेतीन किलो. विकलं नाही, खाल्लं. आता मूळ प्रश्नाकडं यायचं का?

गोदाकाठ | ९.२०
शिटाके वाळवायच्या आधी तासभर उन्हात उलटं ठेवा, खालच्या पापुद्र्या वर करून. ड जीवनसत्त्व वाढतं. आमच्या सुनेला डॉक्टरांनी कमी सांगितलं होतं.

सेलूकर | ९.२६
काकू, वाळवायला आधी यायला तर पाहिजे.

सेलूकर | ९.४०
काळी_माती सर, १८ नोव्हेंबरला भरल्या. वखारीतून आंब्याचा भुसा आणला, त्यात गव्हाचा कोंडा घातला. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये खाली विटा मांडून दिवसभर वाफ दिली. खोली पत्र्याची आहे. दुपारी ३१ दाखवतंय, पहाटे १७. एकूण अकरा होत्या, आता सात राहिल्यात. त्यातल्या एकीच्या कोपऱ्यात हिरवं दिसायलंय.

काळी_माती | १०.०५
हे पहिल्या पोस्टीतच लिहिलं असतं तर सकाळ वाचली असती. नोव्हेंबरपासून ८२ दिवस झाले. तुमचं काही बिघडलेलं नाही. शिटाके आधी पांढरं होतं, मग टेंगळं उठतात, मग वरून तपकिरी साल धरतं. ते चहासारखं पाणीही त्यातच सुटतं. झाडाला साल असते तशीच ही, आतला ओलावा धरून ठेवायला. म्हणजे पिशवी पिकली. तुम्ही पिकलेला माल उकिरड्यावर टाकलाय.

सेलूकर | १०.०९
काय सांगता! आत्ता बघून येतो.

तुराट्या | १०.१५
😂 जगात जर्मनी, भारतात परभणी.

सेलूकर | १०.३८
दोन कुत्र्यांनी फाडल्यात, मातीत मिसळल्या. दोन शाबूत आहेत, आणल्या धुऊन. आई दारात उभी राहून बघायली होती, काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

काळी_माती | ११.०२
आधी हिरवी पिशवी घराबाहेर न्या. खोलीत उघडू नका, धूळ उडून बाकीच्यांवर बसते. वखारीवाल्यानं आंब्यात कडुनिंब किंवा सागवान मिसळलं असेल तर तिथं शिटाके धरत नाही आणि मोकळ्या जागेत हिरवं शिरतं. पुढच्या वेळी समोर कापून घ्या.

बाकीच्यांचं प्लास्टिक पूर्ण काढा. ज्या पूर्ण तपकिरी आणि दाबल्यावर कडक लागतात त्याच घ्या, पांढऱ्या राहिलेल्या अजून थांबू द्या. संध्याकाळी थंडगार पाण्यात बुडवा, वर दगड ठेवा, नाहीतर तरंगतात. १२ ते १६ तास. हा थंडीचा झटका बसल्याशिवाय बहुतेक जाती कळी धरत नाहीत. मग घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात मांडा, भोवती ओलं गोणपाट टांगा. पाणी गोणपाटावर मारा, ठोकळ्यावर धार सोडू नका. थोडा उजेड लागतो, वारा खेळता हवा. पत्र्याची खोली विसरा.

पेठेतला | ११.३०
बर्फ टाका पाण्यात. किंवा ठोकळा सरळ फ्रीजमध्ये ठेवा एक दिवस.

पऱ्हाटी | ११.४१
फ्रीजमध्ये दूध ठेवायचं का बुरशी? घरची बाई दोघांना बाहेर काढील.

सेलूकर | ११.५०
आमच्याकडं जुना रांजण आहे. पहाटेचं पाणी दातांना झोंबतं. चालेल?

काळी_माती | ११.५५
उत्तम. पण आजच करा. शिटाकेला फळायला १२ ते २० अंश आवडतं. तुमच्याकडं महाशिवरात्रीनंतर रात्रीबी उकडायला लागेल.

तुराट्या | दुपारी १.१०
जपानात ओंडक्यावर लावतात आणि कळ्या याव्यात म्हणून हातोड्यानं ठोकतात, खरं आहे का?

काळी_माती | १.२२
खरं आहे. पण तुमच्या भुशाच्या ठोकळ्याला ठोकाल तर त्याचा परत भुसाच होईल.

लिंबाचा_पार | ३.०५
घाई नका करू, पण विकणार कुठं? आमच्या गावात एका कंपनीनं माल परत घेतो म्हणून किट विकले, माल निघाल्यावर गाडीच आली नाही. सतरा घरांनी महिनाभर मशरूमचीच भाजी खाल्ली. आणि आमचे अण्णा माळकरी, ते अजून म्हणतात कुत्र्याची छत्री ताटात नको.

पऱ्हाटी | ३.१८
म्हणून म्हणतोय उन्हाळ्यात दुधी अळिंबी करा. ३०-३५ अंशात येते. आपल्या हवेला तीच सोसते.

काळी_माती | ३.२०
हे मात्र बरोबर बोललात.

सेलूकर | १६ फेब्रुवारी, सकाळी ६.४५
मंडळी, पाच ठोकळे रांजणात घातले होते, त्यात उकिरड्यावरचा एक. देवघराशेजारच्या बोळात मांडले. काल एकाच्या बाजूला साल फाटून गव्हाएवढं तपकिरी बोंड निघालं, आज बोराएवढं झालंय, वर पांढरी लव. मोजले, तीन ठोकळ्यांवर मिळून नऊ. उकिरड्यावरच्यावर काहीच नाही. कधी काढायचं?

काळी_माती | ७.०१
टोपीची कड आत वळलेली असतानाच. पूर्ण सपाट झाली की उशीर झाला. देठ बुडातून पिळून काढा. आणि नीट शिजवा, कच्चं-अर्धं कच्चं खाल्लं तर काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे चट्टे येतात. काढून झालं की ठोकळ्याला दोन-तीन आठवडे आराम, मग परत रांजण.

सेलूकर | ७.०६
दोन-तीन आठवडे म्हणजे मार्च.

काळी_माती | ७.०९
हो. म्हणून सांगतो, पुढच्या वर्षी दसऱ्याआधी भरा.

गोदाकाठ | ७.३०
बटण मशरूमचं कंपोस्ट जालन्याकडं कुणाकडं मिळेल का?