मदत हवी आहे: एन्झाइम दोन्ही दिशांना चालतं, मग वेग वेगळा कसा?

नमस्कार मंडळी. भाची बारावीला आहे. काल तिने विचारलेल्या प्रश्नावर मी अडकलोय.

विषय कार्बोनिक अनहायड्रेजचा. तांबड्या पेशींतलं हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन बनवतं. त्याच्या पोटात जस्ताचा एक अणू, आणि झपाटा असा की एक रेणू सेकंदाला सुमारे १० लाख वेळा हे करतो. फुप्फुसात मात्र हेच नेमकं उलटं चालतं. "मामा, आपण कुठे आलोय हे त्याला कळतं कसं?"

काहीच कळत नाही, एवढं सांगितलं. फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो, म्हणून ओढ तिकडे. एन्झाइम म्हणजे घाटातला बोगदा. चढ वाचतो, पण दोन्हीकडच्या गावांची उंची तीच राहते, म्हणजे समतोल स्थिरांक (क्रिया स्थिरावल्यावर दोन्हीकडच्या रेणूंचं प्रमाण) बदलत नाही. हे तिला पटलं.

माझी गोची पुढे आहे. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३० साली मांडलेल्या संबंधानुसार जाण्याचा आणि येण्याचा कमाल वेग वेगळा असू शकतो. बोगदा एकच, मग असं कसं? दोन्ही बाजूंच्या केएमच्या (ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती संहती) किमती तो फरक भरून काढतात, हे समीकरणात दिसतं. पण वहीत ऊर्जेचा आलेख काढायला बसलो की एन्झाइमला चिकटलेल्या रेणूची पातळी कुठे दाखवायची इथेच गाडी अडते.

कुणी आलेखासकट समजावेल का? उदाहरण ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज या दुसऱ्या एन्झाइमचं चालेल, तिथे एकाचा एकच रेणू होतो, हिशेब सुटसुटीत.