प्रति: आईच्या घोट्यांवरचे काळे डाग

लिंबू चोळायचा सल्ला वर कुणी दिलाय, तो कृपया ऐकू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी आणखी काळवंडते. माझी आत्या रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर दिवसभर उभ्याने मासळी निवडायची. तिचेही घोटे असेच तपकिरी-काळे झालेले. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. शिरांच्या झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं, तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतलं लोह कातडीत डाग होऊन बसतं. घासून जाणार कसं? पाय उशीवर उंच ठेवून आणि डॉक्टरांनी तपासून दिलेले घट्ट मोजे घालून तिची सूज उतरली, डाग मात्र राहिलेत.

आणि तळव्यावर एकच काळा ठिपका वाढत असेल, तर कुरूप समजून कापत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.